समोरच्या घरातली प्रत

मंडळी, टाळ आता मांडीवर ठेवा! पेटीवाले, तुम्ही सूर नुसता धरून ठेवा. आणि तबलजी, तुम्ही पेटीवाल्यांकडे असं बघू नका. त्यांच्या अंगावर नवी शाल आहे, ती गेल्या सप्ताहात त्यांना मिळाली, तुम्हाला मिळाली नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे! असू द्या. आजचं आख्यान खास तुमच्यासाठी काढलंय.

पूर्वरंगात आपण एक प्रश्न उभा केला आणि त्याला तसाच उभा ठेवून नामाला लागलो. पाय दुखले असतील बिचाऱ्याचे! तर तो प्रश्न असा — माणसानं जिवापाड जपलेली वस्तू, ती कुठे ठेवली म्हणजे खरी सुरक्षित? बोला! कपाटात? बँकेच्या लॉकरात? पुढच्या आजी म्हणतायत, देवाजवळ. वा आजी! मग गळ्यातली पोत इथे देवाजवळ ठेवून घरी जाल का आज? बघा — हात कसा गेला पोतीवर! म्हणजे देवावर विश्वास आहे, पण पोतीच्या बाबतीत नाही.

तर ऐका. आजच्या आख्यानात राक्षस नाही, ऋषी नाही, शापही नाही. कॉम्प्युटर आहे! हसताय काय? तुमच्या घरी नाही का? त्यात नातवाच्या बारशाचे फोटो आहेत, जमिनीचे कागद आहेत, आणि ते यंत्र एक दिवस फुस्स झालं की तुम्ही डोक्याला हात लावून बसणार आहात. म्हणून शहाणी माणसं आतल्या सगळ्याची आणखी एक प्रत काढून वेगळी ठेवतात. तिला म्हणतात बॅकअप. सोपं आहे. अवघड एवढंच, की ती प्रत ठेवायची कुठे!

येवला गाव. पैठणीचं गाव. तिथे विणकरांच्या एका गल्लीत समोरासमोर दोन घरं. एकात रंगनाथ पाथरकर, त्याची बायको मालन. समोर रंगनाथचा सख्खा धाकटा भाऊ यशवंत — घरचा येसू — आणि त्याची बायको गोदा. मधली गल्ली एवढी अरुंद, की मालननं मिरचीची फोडणी दिली तर गोदाला ठसका लागायचा. आणि एवढ्या जवळ राहून दोघा भावांत बोलणं नाही!

भांडण कशाचं? कशाचंच नाही. म्हणजे वाटणीचं, पण वाटणी तर चोख झाली होती. वडील — त्यांना सगळे आबा म्हणत — जुने नामांकित विणकर. आबा गेले तेव्हा घरात दोन मोलाच्या वस्तू राहिल्या. एक माग. दुसरी ग्राफची पेटी. आता ग्राफ म्हणजे काय? पैठणीच्या पदरावर मोर विणायचा, तर तो आधी चौकटीचौकटीच्या कागदावर रंग भरून काढतात. तो कागद मागावरच्या उभ्या धाग्यांखाली ठेवायचा, आणि त्याच्याकडे बघत एकेक चौकट रेशमानं भरत जायची. तो कागद म्हणजे ग्राफ. आबांनी जन्मभर काढलेले ग्राफ त्या पेटीत होते. रंगनाथचा हात चित्रकलेचा, म्हणून पेटी त्याला. येसू विणायचा, म्हणून माग त्याला. पंचांनी सुद्धा मान डोलावली!

पण मंडळी, वाटणी पंचांना पटून काय उपयोग? रंगनाथला वाटायचं, येसूला जास्त मिळालं. कारण लहानपणी रंगनाथला शाळेत घातलं, चित्रकलेच्या परीक्षांना बसवलं, आणि येसू? येसू आबांच्या मांडीला मांडी लावून मागावर बसायचा. आबा विणता विणता गुणगुणायचे, ते येसूला ऐकू यायचं. शाळेतून आलेला रंगनाथ दारात दप्तर घेऊन उभा राहायचा आणि त्या दोघांच्या पाठी बघायचा. त्याला वाटायचं, त्या मागावर तिसऱ्याला जागाच नाही. पुढे केस पिकले, लेक उजवली, पण त्या दोन पाठी काही डोळ्यांसमोरून हलल्या नाहीत.

मत्सराला कारण किती लागतं हो? दप्तर घेऊन दारात उभं राहण्याएवढं पुरतं!

पुढे रंगनाथनं कॉम्प्युटर घेतला. आबांचा एकेक ग्राफ स्कॅन करून आत घातला. स्वतः नवे ग्राफ काढले, तेही आत घातले. गावातले विणकर येऊन प्रिंट घेऊन जायचे. नाव झालं! मग एक दिवस यानं काय केलं, तर आबांच्या मूळ कागदांची पेटी उचलली, नाशिकला गेला, आणि सगळे कागद गोदावरीत सोडून आला. आपल्यात जुन्या पोथ्या, देवाचे फोटो पाण्यात सोडतात ना, तसं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, काय पितृभक्ती! रंगनाथनं मान खाली घातली. विनयानं नाही — हसू दिसू नये म्हणून. कारण कागद पाण्यात सोडले ते एवढ्यासाठी, की येसूची नजर पुन्हा कधी त्यांच्यावर पडू नये!

आता आबा फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये. आणि कॉम्प्युटर फक्त रंगनाथच्या खोलीत.

तेवढ्यात काय झालं? विणकरांच्या सभेत येसूचा सत्कार झाला. त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक पदर विणला होता, तो वरपर्यंत वाखाणला गेला. शाल, श्रीफळ, फोटो! रंगनाथ पहिल्या रांगेत होता. थोरला भाऊ ना, बसवलं पुढे. सगळी सभा टाळ्या वाजवते आणि हे गृहस्थ दोन बोटं दोन बोटांवर आपटतायत, म्हणजे टाळी दिसावी पण वाजू नये! घरी आल्यावर मालन म्हणाली, "भाऊजींचं चांगलं झालं हो."

"मोराची मान आखूड आहे," रंगनाथ म्हणाला.

"मान चांगली होती की."

"तुला काय कळतं मानेतलं?"

जेवला नाही त्या दिवशी. तबलजी, ओळखीचं वाटतंय का काही? नाही? बरं, पुढे चला.

नवरात्राच्या आधी जावई आले, शिरीष. नाशिकला कॉम्प्युटरच्याच कामात. सासरेबुवांचं यंत्र बघितलं आणि विचारलं, "मामा, याची प्रत कुठे ठेवता?"

"कशाची प्रत?"

"या सगळ्याची. हे बंद पडलं तर?"

रंगनाथ अभिमानानं म्हणाला, "आजवर बंद पडलेलं नाही, जावईबापू."

"बंद पडेपर्यंत कुठलंच यंत्र बंद पडलेलं नसतं, मामा."

बोलले की नाही जावई नेमकं! मग त्यांनी पाटावर बसून, पुरणपोळी खात खात उपाय सांगायला सुरुवात केली. म्हणाले, पेन ड्राइव्ह घ्या. बोटाएवढा असतो, सगळे ग्राफ मावतील. रंगनाथ म्हणाला, बोटाएवढा म्हणजे कुणीही खिशात घालून नेईल. कुणीही म्हणजे कोण? तर मान समोरच्या घराकडे! बरं, मग क्लाउड घ्या, म्हणाले. म्हणजे इंटरनेटवरून प्रत दूरच्या मोठ्या यंत्रांवर जाते, तिथे सुरक्षित राहते. रंगनाथनं विचारलं, ती यंत्रं कुणाची? मोठ्या कंपन्यांची. त्या कंपन्यांत माणसं असतात का? असतात. त्या माणसांना बायका असतात का?

शिरीषरावांचा घास हातातच राहिला. "असतील, मामा."

"मग त्या पैठणी नेसत नाहीत कशावरून?"

जावयांनी पुरणपोळीवर तूप घेतलं आणि म्हणाले, निदान एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. वहीएवढा डबा असतो, वायर लावली की प्रत निघते. ते रंगनाथला पटलं. डबा कुलपात ठेवता येतो! पण जावई चिवट. म्हणाले, "मामा, एक नियम लक्षात ठेवा. मूळ आणि प्रत एका छपराखाली ठेवू नका. चोरी झाली, आग लागली, तर दोन्ही जातील. डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. लांब कशाला, काकांकडेच ठेवा की समोर."

स्वयंपाकघरात मालनच्या हातातली पळी थांबली. रंगनाथ शांतपणे म्हणाला, "जावईबापू, तुम्ही पाहुणे आहात म्हणून बोलत नाही. येसूच्या घरी ठेवण्यापेक्षा मी ती विहिरीत टाकीन."

"विहिरीत भिजेल मामा."

"भिजू दे. येसूच्या हाताला तर लागणार नाही."

बघा मंडळी! उपाय चार सांगितले. चारही चांगले. आणि माणूस उपाय निवडतोय कशावरून? यंत्र कोणतं टिकाऊ, यावरून? छे! भावाला काय मिळणार नाही, यावरून! डिस्क आली, प्रत निघाली, आणि ती गेली लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात. किल्ली जानव्याला. मूळ टेबलावर, प्रत त्याच खोलीत कपाटात, आणि मालक मधे पहाऱ्याला. झाला बॅकअप!

आली खंडेनवमी. त्या दिवशी आपल्यात हत्यारांची पूजा असते. सुतार करवत मांडतो, शिंपी मशीन मांडतो, विणकर मागाला हळदकुंकू वाहतो. समोर येसूच्या घरी माग झेंडूच्या माळांनी सजलेला. आणि रंगनाथकडे माग कुठाय? त्याचं हत्यार कॉम्प्युटर! दरवर्षी तो कोपऱ्यात टेबलावरच दोन फुलं वाहायचा. पण यंदा येसूचा सत्कार झाला होता ना? मग यंदा पूजा थाटात! त्यानं कॉम्प्युटरचा मोठा डबा खाली उतरवला, चौरंगावर आडवा ठेवला. कपाटातली डिस्कही काढली, कारण तीही हत्यारच की! तीही वर मांडली. आणि बंद यंत्राची काय पूजा करायची, म्हणून दोन्ही वायरीनं जोडून चालू ठेवले. हिरवा दिवा लुकलुकतोय, पंखा घुमतोय. आणि सगळ्यांवर शोभा म्हणून — सांगा काय ठेवलं असेल? तांब्याचा कलश! पाण्यानं काठोकाठ भरलेला, आंब्याची पानं, वर नारळ!

मालन म्हणाली, "अहो, कलश खाली ठेवा ना. यंत्रावर कशाला?"

"वर ठेवला तर दारातून दिसतो."

कुणाच्या दारातून? विचारू नका!

आरती सुरू झाली. रंगनाथच्या हातात ताम्हन, अंगावर उपरणं. तेवढ्यात गल्लीत मोटार आली. एवढ्या अरुंद गल्लीत एवढी मोठी मोटार, म्हणजे कुणीतरी बडं गिऱ्हाईक. मोटार थांबली — कुठे? येसूच्या दारात. काच खाली झाली. आतून कुणी बाई बोलतायत आणि येसू वाकून, हात जोडून, हसून उत्तर देतोय. रंगनाथच्या तोंडात आरती, आणि पोटात? पोटात जे पेटलं ना मंडळी, त्यापुढे ताम्हनातला कापूर काहीच नाही! याचा सत्कार होऊन महिना उलटला नाही तर पुण्यामुंबईचे लोक दारात! आज माझ्या हत्यारांची पूजा, आणि गिऱ्हाईक त्याच्या दारात! त्याला नीट दिसेना म्हणून तो टाचा उंचावून खिडकीकडे वळला. झटकन वळला. उपरण्याचं टोक नारळात अडकलं.

कलश आडवा!

नारळ पडला तो नेमका चालत्या डिस्कवर. पाणी शिरलं जाळीतून डब्यात. टर्रर्र झालं, जळका वास आला, घरातले दिवे गेले. आणि तो हिरवा दिवा एकदा मिचकला आणि विझला.

आता पुढचं ऐका. त्या मोटारीतल्या बाई येसूला काय विचारत होत्या ठाऊक आहे? "रंगनाथ पाथरकरांचं घर कुठलं?" आणि येसू हसून, हात जोडून सांगत होता, "हे समोरचं. माझे थोरले बंधू." पोट जळलं ते स्वतःच्याच गिऱ्हाइकावर! हसा, हसा. पण रंगनाथला ते कळलं तेव्हा बाई उंबऱ्यात उभ्या होत्या आणि चौरंगावरून पाणी टपटपत होतं.

पुण्याच्या पोंक्षे म्हणून बाई. पर्समधून एक जुना लहानसा फोटो काढला. त्यांच्या आईच्या लग्नातला. आईच्या अंगावर पैठणी शालू, पदरावर हत्ती, हत्तीवर अंबारी, अंबारीत राघू. म्हणाल्या, "हा तुमच्या वडिलांनी विणलेला. आई गेल्यावर मामांनी तो जाळून त्यातली जर काढली. तेव्हा तसंच करायचे. मला माहीत असतं तर मी आडवी पडले असते. आता माझ्या मुलीचं लग्न आहे. तिला हाच पदर हवा. आबांचे सगळे ग्राफ तुमच्याकडे आहेत असं गावात सांगतात."

त्या फोटोत हत्ती वाटाण्याएवढा. त्यावरून चौकटी काढणं अशक्य. अंबारीचा ग्राफ होता एकच. कागद गोदावरीत, आणि उरलेलं सगळं समोर चौरंगावर भिजतंय!

रंगनाथ म्हणाला, "आहे ना. आहे. होईल."

खोटं बोलला का? बोलला! सणाच्या दिवशी, देवासमोर. दुसरं काय बोलेल? आबांचं सगळं माझ्याकडे आहे, याच वाक्यावर तर तो जगत होता.

शिरीषराव धावत आले, दोन्ही यंत्रं नाशिकला नेली. तिथल्या जाणत्या माणसानं उघडून बघितली आणि सांगितलं, डब्यातल्या डिस्कचं सर्किट जळलंय, बाहेरच्या डिस्कच्या आत ओरखडा पडलाय, दोन्ही गेल्या. फोनवर जावई हे सांगताना एकदाही म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं. असे जावई देव सगळ्यांना देवो! रंगनाथनं फोन ठेवला आणि रिकाम्या टेबलासमोर बसला. आबा आज दुसऱ्यांदा गेले, असं त्याला वाटलं, आणि या वेळी त्यांना घालवणारा तोच होता. तो रडला. दसऱ्याचं सोनं वाटायलाही बाहेर पडला नाही.

मालननं दोन दिवस बघितलं. मग ताट त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, "समोर जा."

"कुठे समोर?"

"भाऊजींकडे. त्यांच्याकडे तुमच्या ग्राफांचे नमुने आहेत. विणलेले."

रंगनाथ उठूनच उभा राहिला. "माझे ग्राफ त्याच्याकडे? कुणी दिले?"

आता मंडळी, हे बायकांनी नीट ऐकावं. भावाभावांत बोलणं बंद असलं तरी जावाजावांत फराळाचं ताट बंद नसतं! दिवाळीत मालनकडून गोदाकडे लाडू-चिवडा जायचा, गोदाकडून करंज्या यायच्या. आणि ताटात लाडवांखाली कागद घालायचा असतो ना, तूप लागू नये म्हणून? रंगनाथ ग्राफ तपासायला प्रिंट काढायचा. कधी शाई संपायची, कधी रंग फिके यायचे. ते बिघडलेले कागद तो चुरगळून टाकायचा. मालन ते सरळ करून ठेवायची. चांगला जाड कागद, कोण टाकेल!

"तू त्याला माझे ग्राफ दिलेस?" रंगनाथनं विचारलं.

"मी लाडू दिले," मालन म्हणाली. "कागद खाली होता."

मालनबाईंना ठाऊक नव्हतं का, त्या कागदावर काय आहे? विणकराची लेक, विणकराची सून. तुम्हीच काय ते समजा! बाईनं एवढंच केलं, की दर दिवाळीला लाडू जरा जास्त वळले.

रंगनाथ ओट्यावर आला. मधे गल्ली, चार पावलांची. काशीला जाणं सोपं हो! एक पाय खाली टाकला, मागे घेतला. समोर खिडकीतून मागाचा खटखट आवाज येत होता, आबांचाच माग. त्याला वाटलं, परत फिरावं, बाईंना फोन करावा, ग्राफ नाही म्हणून सांगावं. म्हणजे पदर कुणालाच मिळणार नाही. मला नाही, येसूलाही नाही! आणि खरं सांगतो मंडळी, या विचारानं त्याला क्षणभर फार बरं वाटलं. मग तो फोटो आठवला. वाटाण्याएवढा हत्ती. तो आबांचा हत्ती होता.

ओलांडली गल्ली.

दारात उभा राहिला. माग थांबला. येसू उठून आला. दोघं पोरं असताना जसा रंगनाथ दारात उभा राहायचा, तसाच आजही दारातच.

"येसू, माझं सगळं गेलं. आबांचं पण गेलं."

येसूच्या डोळ्यांत काय आलं सांगू? दुःख? आधी नाही! आधी चमकला आनंद. हो! झाकायच्या आत चमकून गेला, आणि थोरल्यानं तो बघितला. मग येसूला स्वतःचीच लाज वाटली आणि त्यानं मान फिरवली. म्हणाला, "वाईट झालं, दादा."

"तुझ्याकडे नमुने आहेत म्हणे."

"माझ्याकडे कसले नमुने. कुणी सांगितलं?"

चोर म्हणतील ना गावात! सत्कार झालेला विणकर आणि भावाच्या नक्षीची चोरी! येसू कबूल होईना. पण आतून गोदानं पत्र्याची पेटी फरफटत आणली आणि दोघांच्या मधे ठेवली. म्हणाली, "हे आहेत. दादा, मी म्हणत होते यांना, सांगून टाका."

पेटी उघडली. एक पदर विणून झाला की मागावर शेवटी हातभर धागा उरतो. तो कापून टाकतात. येसू टाकत नव्हता. त्या उरलेल्या धाग्यावर तो समोरच्या घरातली एकेक नक्षी विणून बघत होता. वर्षानुवर्षं! तुपाचे कागद उंदरांनी कधीच नेले होते, पण कापड तसंच होतं. थोरल्याचे मोर, थोरल्याच्या कोयऱ्या, आबांच्या वेली. हातरुमालाएवढे रेशमाचे तुकडे, घडी घालून, मधे कडुनिंबाचा पाला.

"चोरलंस तू माझं," रंगनाथ म्हणाला.

"चोरलं," येसू म्हणाला. "पेटी तुला मिळाली तेव्हा मला धड जेवण गेलं नव्हतं. तुझे ग्राफ सगळं गाव विणायचं, मला सोडून. तू मला एकदा तरी दिलास का? मग मी लाडवाखालचे उचलले. इस्त्री करून विणले."

बघा कसं असतं! ज्यांनी प्रेम केलं त्यांनी जपलं नाही. गावातल्या विणकरांनी प्रिंट वापरल्या आणि फेकल्या. ज्याचं पोट दुखत होतं, त्यानं एकेक धागा जपला! बॅकअप घराबाहेर ठेवा म्हणून जावई ओरडत होते, आणि तो तर दर दिवाळीला निघत होता. तुपात!

रंगनाथ एकेक तुकडा उलटत होता. तळाशी अंबारी सापडली. हत्ती, हौदा, राघू. त्यानं तो तुकडा उजेडात धरला आणि त्याचा चेहरा बदलला.

"हे चुकलंय. सोंड वर आहे. ग्राफात सोंड खाली होती, काठाला टेकलेली. मी स्कॅन केलाय, मला पाठ आहे."

"कागदावर खालीच होती," येसू म्हणाला. "पण आबा विणताना ती वर उचलायचे. म्हणायचे, टेकली की हत्ती दमलेला दिसतो. कागद नाही सुधारला कधी. हातानंच करायचे. मी शेजारी असायचो ना."

रंगनाथनं खिसे चाचपून चष्मा काढला, पोंक्षे बाईंनी नमुन्याला ठेवून दिलेला फोटो काढला. बघितलं, पुन्हा बघितलं. वाटाण्याएवढा हत्ती — सोंड वर!

मंडळी, इथे त्याला आनंद व्हायला हवा होता, नाही का? पदर वाचला, शब्द राहिला. पण नाही झाला. तो भिंतीला टेकला. जे त्यानं कुलपात ठेवलं, ज्यासाठी पाण्यात कागद सोडले, भाऊ सोडला, ते मुळात अर्धंच होतं. तो म्हणाला, "आबांनी मला कागद दिले. आणि सोंड तुला दिली."

येसूनं मागाकडे बघितलं. मग म्हणाला, "मला वाटायचं, मला नुसता खटखट करायला माग दिला. आणि डोकं तुला दिलं."

बाप एकच. त्यानं दोघांना अर्धं अर्धं दिलं, आणि दोघं जन्मभर समोरच्याच्या अर्ध्याकडे बघून जळत बसले!

मग काय? मग गळ्यात पडले, रडले, असं सांगू? तुम्हाला आवडेल, पण तसं झालं नाही. गोदानं चहा टाकला, तो दोघांनी घेतला. दुसऱ्या दिवशी रंगनाथ कोरे ग्राफचे कागद घेऊन आला आणि त्या तुकड्यातले धागे मोजून चौकटी भरायला बसला. बसला कुठे? मागावर, येसूच्या शेजारी, कारण उजेड तिथे चांगला होता. दोन पाठी शेजारी शेजारी. मालननं ओट्यावरून ते बघितलं आणि आत जाऊन फोडणी दिली. गोदाला ठसका लागला.

पदर विणून झाला. पोंक्षे बाई आल्या. पदर उलगडला तेव्हा त्यांनी हत्तीवर हात ठेवला आणि काही वेळ तो उचलला नाही. मग विचारलं, "कुणी केलं हे?"

रंगनाथ थोरला. बोलायचा मान त्याचा. म्हणाला, "नक्षी आमच्या आबांची. ग्राफ माझा." आणि थांबला. इथे थांबला असता तरी कुणाला कळलं नसतं हो! येसू खाली बघत होता, त्याला सवय होती. मोराची मान आखूड आहे म्हणणारी जीभ ती! पण पुढचं वाक्य काढलं ओढून. "सोंड याची आहे. सोंड मला येत नव्हती."

एवढंच. पण माझ्या हिशेबी, मंडळी, त्या दिवशी त्यानं खरी पूजा केली.

पुढे नवा कॉम्प्युटर आला, दोन डिस्का आल्या. शिरीषरावांनी एक रंगनाथच्या कपाटात ठेवली आणि दुसरी हातात धरून घाबरत घाबरत विचारलं, "मामा, ही कुठे?" रंगनाथ म्हणाला, "तुम्हाला माहितीये." तोंड वाकडं होतं म्हणताना, पण म्हणाला. ती डिस्क आता येसूच्या देवघराखाली असते. आता मत्सर संपला का? छे हो! रंगनाथ आजही येसूचा नवा पदर बघून म्हणतो, मान आखूड. येसू आजही भावाची डिस्क गुपचूप लावून बघतो, नवीन काय काढलं. जळतात दोघं! पण आता एकाचं जळतं तेव्हा दुसऱ्याचं वाचतं.

तर मंडळी, प्रश्न उभा होता, त्याला आता बसवू. जपलेली वस्तू कुठे ठेवावी? घरी जा. कपाटाकडे बघा, किल्लीकडे बघा. मग डोळे मिटून एकेक घर आठवा. भावाचं, जावेचं, शेजाऱ्याचं. कुठलं घर आठवलं की हात किल्लीवर घट्ट होतो? तुम्ही बोलू नका, मला चेहऱ्यांवर दिसतंय! आजी, तुम्हाला तर लगेच आठवलं. त्या घरात तुमचं काहीतरी जपून ठेवलेलं आहे. तुम्ही दिलेलं नाही, तरी आहे. तुम्ही ते कधी मागायला गेला नाहीत, एवढंच.

उद्या ताट पाठवा. लाडू कमी पडले तरी चालतील, पण पाठवा.

आणि तबलजी! बघता काय? पेटीवाल्यांनी सूर कधीचा धरून ठेवलाय, तो तुमच्यासाठीच. तो त्यांच्याजवळ आहे, ठेका तुमच्याजवळ आहे, आणि एकट्याच्यानं भजन होत नाही. घ्या. टाळ उचला मंडळी, आणि नाव घ्या — पण शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून घ्या!